छतापर्यंतची भिंत

सरकारी समुपदेशन केंद्राची प्रमुख म्हणून अश्लेषाची नेमणूक झाली तेव्हा केंद्र फक्त कागदावर होतं. जागा नव्हती, खुर्ची नव्हती. मदतीला निहारिका नावाची एक तरुण समुपदेशक होती, तिचीही नेमणूक त्याच आठवड्यातली. याआधीची काही वर्षं अश्लेषा एका दवाखान्यात, इंजेक्शनच्या खोलीशेजारी पडदा लावून माणसांची दुःखं ऐकत आली होती. पडद्यापलीकडे कुणी सुई टोचताना ओरडलं की अलीकडचा माणूस वाक्य अर्धं सोडून गप्प बसायचा. म्हणून "जागा तुम्हीच शोधा" असा आदेश आला तेव्हा तिला ओझं वाटलं नाही. उलट तिने त्याच संध्याकाळी स्कूटर काढली.

तिचे वरिष्ठ श्रीनाथ सर यांनी मात्र जागा आधीच बघून ठेवली होती. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात, टॉवर चौकात, कपड्यांच्या शोरूमच्या वर, पहिला मजला. श्रीनाथ सरांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. ऑफिसात सर हिंदीतच बोलायचे, पण दार बंद झालं की अश्लेषाशी मराठीत.

"मध्यवर्ती आहे, मॅडम. फ्रीगंजमध्ये सगळ्यांनाच यावं लागतं. बोर्ड लागला की अख्ख्या शहराला दिसेल."

"तेच तर, सर. काल संध्याकाळी मी त्या जिन्याखाली अर्धा तास उभी राहिले. माझ्या शाळेतल्या बाई भेटल्या, दिरांचे मित्र भेटले, ब्लाउज शिवणारी भेटली. प्रत्येकाने विचारलं, 'अरे, इथे कशी काय?' मी सांगितलं, साडी बघायला आले. आमच्याकडे येणाऱ्या माणसाने काय सांगायचं?"

श्रीनाथ सर हसले. "मग कुठे पाहिजे तुम्हाला? गावाबाहेर?"

"नानाखेड्याला. बसस्टँडच्या जवळ. तिथे उभ्या माणसाला कुणी विचारत नाही, तू इथे कसा. पिशवी हातात असली की झालं. आणि खेड्यातून येणाऱ्याला बसमधून उतरून पायी येता येईल."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पटलं होतं, पण लगेच हो म्हणायची त्यांना सवय नव्हती. "बघा शोधून. मिळाली तर बोलू."

मिळाली. बसस्टँडपासून थोडं आत, कॉलनीच्या तोंडाशी विनोदिनीबाईंचं घर होतं. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या वर राहायच्या. खालचा मजला कोचिंग क्लासला किरायाने दिला होता. क्लासवाल्यांनी मोठं मकान घेतल्यापासून तो रिकामाच होता. पुढे रस्त्याकडे दार, मागे गल्लीत उघडणारं दुसरं दार, जिना चढायची गरज नाही. अश्लेषा खोल्याखोल्यांतून फिरली आणि मागचं दार उघडून बराच वेळ गल्लीकडे बघत राहिली.

"या दाराचं काय एवढं?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"काकू, रडलेल्या माणसाला परत बाहेरच्या बाकांसमोरून जावं लागू नये. पुढून यायचं, मागून निघायचं. तोंड धुवायला इथे एक बेसिन लावू."

विनोदिनीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात प्रश्न सुरू केले. सरकार जागा वेळेवर सोडतं का, भिंतीत खिळे किती ठोकणार, पाणी किती लागणार. शेवटचा प्रश्न त्यांनी जरा थांबून विचारला. "पेशंट आरडाओरडा करतील का गं?"

"आरडाओरडा माणसं घरी करतात, काकू. आमच्याकडे येऊन ती इतकं हळू बोलतात की खुर्ची पुढे ओढावी लागते."

करारनामा तयार व्हायला लागला आणि बातमी कॉलनीत पसरली. शेजारचे भय्यासाहेब एका सकाळी विनोदिनीबाईंकडे आले. त्यांचं घराणं जुनं, पूर्वज कधीकाळी दरबारात कारभारी होते, आणि कॉलनीत त्यांच्या शब्दाला मान होता. विनोदिनीबाईंनी त्यांना बसवलं, अश्लेषाला फोन करून बोलावून घेतलं आणि चहा ठेवला.

"वहिनी, तुमचं घर आहे, मी काय बोलणार," भय्यासाहेब म्हणाले, "पण इथे लेकीसुना राहतात. वेड्यांचा दवाखाना दाराशी म्हणजे..."

"भय्यासाहेब, मी सांगते कोण येणार," अश्लेषा समोर बसत म्हणाली. "झोप न येणारी माणसं. परीक्षेच्या भीतीने जेवण सुटलेली मुलं. ज्यांना दारू सोडायचीय पण सुटत नाही असे लोक. ज्यांच्याशी घरात कुणी बोलत नाही अशा बायका. तुम्ही यांना रोज बघता, फक्त तुम्हाला ते माहीत नसतं."

"आणि एखादा भडकला तर?"

"तर मी आहे तिथे. हा माझा नंबर. काहीही वाटलं तरी आधी मला फोन करा, कितीही वाजले असोत."

भय्यासाहेबांनी नंबर घेतला. पटलं असं ते म्हणाले नाहीत. कप खाली ठेवून "बघू" एवढंच बोलले आणि गेले. पण कॉलनीच्या बैठकीत त्यांनी हा विषय काढलाच नाही. पुढच्या आठवड्यात श्रीनाथ सर आणि विनोदिनीबाई यांच्या करारावर सह्या झाल्या.

मग सामान यायला लागलं आणि अश्लेषाची खरी लढाई सुरू झाली. सरकारी भांडारातून पहिल्यांदा काय आलं तर साहेबांसाठी असतात तशी काचेची मोठी टेबलं. तिने ती परत पाठवली. "टेबलाच्या पलीकडे बसलं की मी अधिकारी आणि तो अर्जदार," ती निहारिकाला म्हणाली. "दोन सारख्या खुर्च्या आण. हात टेकायला जागा पाहिजे, आणि उंची एकच." बाहेरचे बाक तिने समोरासमोर न ठेवता सगळे खिडकीकडे तोंड करून लावले. घड्याळ अशा जागी लावलं की बोलणाऱ्याला ते दिसू नये आणि ऐकणाऱ्याला दिसावं. पडदे सरकारी हिरव्या कापडाचे नकोत म्हणून भैरवगढला जाऊन छाप्याचं कापड आणलं, मातकट लाल आणि निळं. ते लावल्यावर विनोदिनीबाई खाली येऊन म्हणाल्या, "आता ऑफिस वाटत नाही." अश्लेषाला याहून मोठी शाबासकी नको होती.

अडलं ते भिंतीवर. क्लासच्या मोठ्या हॉलचे तीन भाग करायचे होते, समुपदेशनाच्या दोन खोल्या आणि बाहेर बसायची जागा. ठेकेदार विष्णूने चार दिवसांत प्लायवूडचं पार्टिशन उभं केलं, वर पांढरं फॉल्स सीलिंग टाकलं, रंग दिला. दिसायला छान झालं. अश्लेषाने आत एक खुर्ची सरकवली आणि बाहेर येऊन निहारिकाला म्हणाली, "आता तू ओढ." खुर्चीचा आवाज तर आलाच, निहारिकाचं गुणगुणणंही आलं.

तिने स्टूल घेऊन सीलिंगची एक पाटी उचलून पाहिलं. पार्टिशन तिथेच संपलं होतं. वर छतापर्यंत हातभर पोकळी, तिन्ही भागांवरून एकसलग.

"विष्णूजी, ही भिंत वर छतापर्यंत जायला हवी. आणि प्लायच्या आत आवाज अडवणारा भराव पाहिजे."

"मैडम, सब सरकारी दफ़्तरों में ऐसे ही बनता है," विष्णू शांतपणे म्हणाला. "नक्शे में जो पास हुआ, वो मैंने बना दिया. अब बढ़ाना है तो साहब से लिखवा के दीजिए."

श्रीनाथ सर दुसऱ्या दिवशी पाहणीला आले. पडद्यांना हात लावून पाहिला, खुर्चीत बसून पाहिलं, खूश झाले. भिंतीचा विषय निघाला तसा त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, किती खोलात जाणार? उद्घाटनाची तारीख ठरलीय. जरा हळू बोलायला सांगा लोकांना."

अश्लेषाने वाद घातला नाही. "सर, एक करा. निहारिकाबरोबर पाच मिनिटं आत बसा. काहीही बोला, नेहमीच्या आवाजात. आम्ही बाहेर थांबतो. ऐकू आलं नाही तर मी विषय सोडते."

सरांना ती कल्पना गमतीची वाटली. ते आत गेले, दार लागलं. बाहेर बाकावर अश्लेषा, विष्णू आणि विनोदिनीबाई बसले.

आतून सरांचा आवाज आला, "काय बोलू? उज्जैनचं ट्रॅफिक? सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदून ठेवलेत..." विष्णू गालात हसला. थोडा वेळ रस्त्यांचंच चाललं. मग निहारिकाचा आवाज आला, मऊ पण स्पष्ट. ती खरंच चांगली समुपदेशक होती, तिने सहज, सवयीने विचारलं होतं, "सर, झोप कशी लागते आजकाल?"

आत खुर्ची करकरली.

"झोप..." सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "झोप नाही लागत हो. आमचा निखिल दिवाळीला घरी आला तो परत कॉलेजला गेलाच नाही. खोलीतून बाहेर येत नाही. मी सगळ्यांना सांगतो, परीक्षेची तयारी करतोय. रात्री त्याच्या दारापाशी मी..."

अश्लेषा उठली होती. तिने दारावर जोरात दोनदा टकटक केली. "सर, बास. ऐकू येतंय. सगळं ऐकू येतंय."

आतला आवाज थांबला. विष्णूने मान खाली घातली. विनोदिनीबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

दार उघडलं. सरांचा चेहरा लाल झाला होता. क्षणभर अश्लेषाला वाटलं, आता हे चिडणार. आपण वरिष्ठांना असं पेचात टाकायला नको होतं. पण ती बाजूला झाली नाही. ती त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली.

"कुठपर्यंत ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"दारापाशी उभे राहता, तिथपर्यंत. त्यापुढे मी ऐकू दिलं नाही."

सरांनी विष्णूकडे पाहिलं, मग वर सीलिंगकडे. रुमाल काढून तोंड पुसलं. "विष्णू," ते हिंदीत म्हणाले, "दीवार छत तक जाएगी. दोनों कमरों की. अंदर जो भरना है, भरो. मैं अभी लिख के देता हूँ."

"साहब, उद्घाटन..."

"उद्घाटन रुकेगा."

विष्णूने पुढे काही विचारलं नाही. जाताना तो अश्लेषापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "मैडम, यह बात मेरे पास से कहीं नहीं जाएगी." तिने मान हलवली. तिला त्याचा विश्वास वाटला.

श्रीनाथ सर लगेच गेले नाहीत. मागच्या दारापाशी जाऊन गल्लीकडे बघत उभे राहिले. अश्लेषा पाण्याचा ग्लास घेऊन गेली.

"तुमची ही पोरगी फार हुशार आहे," ते म्हणाले. "मला कळलंच नाही, कधी बोलायला लागलो."

"बोलायचं होतं म्हणून बोललात, सर."

"केंद्र सुरू झालं की मी इथेच आलो तर? निखिल येणार नाही. मीच."

अश्लेषाला लगेच हो म्हणता आलं असतं. साहेबच आपल्याकडे येतात ही गोष्ट केंद्राच्या फायद्याचीही होती. पण ती म्हणाली, "इथे नको, सर. तुम्ही माझ्या कामाचा अहवाल लिहिता. तुम्हाला माझ्यापुढे मोकळं बोलता येणार नाही, आणि निहारिकाला तुम्हाला अप्रिय काही सांगता येणार नाही. इंदूरला माझ्या गुरू आहेत, शर्वरीताई. मी आता फोन लावते. शनिवारी जा. निखिल तयार नसला तरी तुम्ही जा. घरातल्या एकाने सुरुवात केली तरी चालतं."

सरांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "लावा फोन."

भिंत वाढवायला आठवडा लागला. आत भराव घातला, फटी बुजवल्या, दारांच्या कडांना रबर बसवलं. या खेपेला निहारिका आत बसून मोठ्याने पाढे म्हणत होती आणि बाहेर विनोदिनीबाई कान लावून उभ्या होत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या, "एकही येत नाही. शाळेत अशा भिंती असत्या तर बरं झालं असतं."

उद्घाटन झालं ते साधंच. फीत श्रीनाथ सरांनी कापली, फोटोग्राफरला त्यांनी स्वतः पाच मिनिटांत वाटेला लावलं. बोर्डवर 'परामर्श केंद्र' लिहिलं होतं, जाणाऱ्याला वाचता येईल इतपत मोठ्या अक्षरांत. पहिले काही दिवस बाक रिकामे राहिले. निहारिका चिंतेत पडली. अश्लेषा निवांत होती. "लोक आधी लांबून बघतात," ती म्हणाली. "बघू दे."

मग तराण्याहून एक शिक्षक आले, आपल्या बायकोला घेऊन. मग बसस्टँडवरचा एक कंडक्टर. मग दोन कॉलेजच्या मुली, ज्या मैत्रिणीसाठी विचारायला आलो म्हणाल्या आणि तासभर बसल्या. पावसाळा संपेपर्यंत रोज बाक भरायला लागले. भय्यासाहेब अजूनही मन वळलं असं म्हणत नव्हते, पण फाटकापाशी कुणी चुकून पत्ता विचारला तर हाताने दार दाखवायचे.

निखिलचा विषय श्रीनाथ सरांनी बरेच महिने काढला नाही, आणि अश्लेषाने विचारलं नाही. शर्वरीताईंकडे ते दर शनिवारी जात होते एवढं तिला ठाऊक होतं, कारण शनिवारच्या बैठका त्यांनी शुक्रवारवर आणल्या होत्या. दसऱ्यानंतर एका बैठकीआधी तेच म्हणाले, "गेल्या शनिवारी निखिल माझ्याबरोबर गाडीत बसला. आत आला नाही, बाहेर थांबला. पण आला."

"छान झालं, सर."

"हं." त्यांनी समोरची फाईल तिच्याकडे सरकवली. "नागद्याला असंच एक केंद्र मंजूर झालंय. जागा मी बघितलेली नाही. तुम्हीच बघा."

अश्लेषाने नकाशा उघडला आणि आधी बसस्टँड कुठे आहे ते शोधायला लागली.