पुरा दाब

खोलीत एक बल्ब, एक खाट आणि एक टेबल होते. टेबलावर तीन वस्तू : टेपरेकॉर्डर, फडक्यात गुंडाळलेले त्याचे एकुलते एक स्पूल, आणि हिंमतराव मेकॅनिकने मेहकरहून एसटीत मांडीवर धरून आणलेला लोखंडी डबा. डब्याला एक बटण आणि एक काट्याचा मीटर होता.

"याले स्टॅबिलायझर म्हन्तेत, उकंडभाऊ. लाइन कितीबी नाचू द्या, बटन फिरवलं का दाब बरोबर. मशीन मंग येका चालीनं चालते."

डोणगावात उकंडरावांची पिठाची गिरणी होती. वीज कशी नाचते हे त्यांना सांगायला नको होते. संध्याकाळी शेतांवरचे पंप लागले की टेपमधली त्यांची बायको गोजरबाई पुरुषासारखी घोगरी बोलायची, पहाटे पंप थांबले की पोरीसारखी चिरकायची. तिला जाऊन दोन वर्षे झाली होती. टेपवर तिचे एकच बोलणे होते. दाब नीट मिळाला की ती नीट बोलेल, या आशेवर त्यांनी हे दिवस काढले होते. आज मेहुणीला, तानुबाईलाही मुद्दाम बोलावले होते.

काटा दोनशे तीस व्होल्टवर, पुऱ्या दाबावर आला. स्पूल फिरले.

"अवो, जेवाले येता का? भाकर निवून राह्यली."

आवाज बारीक होता, घाईचा.

तानुबाईला हसू फुटले. "हे कोन व्हय, दाजी? ताईनं कधी तुमाले एवढ्या लगबगीनं जेवाले बलावलं?"

"दाब तं बरोबर हाये," हिंमतराव गोंधळला. "हे भरलं कवा?"

"दुपारी. गिरणी चालू होती. मी मशीन लावून पाहत होतो, अन् ही दारातून बोलली."

"मंग तवाच लाइन पडेल होती. मशीन हळू चालली, आवाज तसाच भरला. आता पुऱ्या दाबात तो पळनारच."

"मंग गिरणी चालू करतो."

"तवा गावात पंप किती होते, अन् आता किती? त्या दिसची लाइन कुठून आनता? मी बटन खाली घेतो. तुमी वळखा."

एक घर खाली. आवाज थोडा भरला. उकंडरावांनी डोळे मिटले. कालचा संध्याकाळचा घोगरा आवाज आठवला, आजचा पहाटेचा आठवला. त्या दुपारी त्यांच्या मागे, दारात उभी राहून ती बोलली होती तो आवाज काही केल्या ऐकू येईना.

आणखी एक घर.

"हा! हाच!" तानुबाई सरसावून बसली. मग तिचा चेहरा उतरला. "नाही, दाजी. अशी तं आमची माय बोले."

"तुमी सांगा, उकंडभाऊ. जलमभर आयकलं तुमी."

"पुन्हा लाव."

भाकर पुन्हा पुन्हा निवत राहिली.

"मागचा असंल," उकंडराव म्हणाले.

"मागचा कोनता?"

तानुबाईने पदराने नाक पुसले.

बाहेरून कुणीतरी बाई ओरडली, "गिरणी चालू हाये काय, बाप्पा? का ज्वारी तशीच खावाची?"

"आलो," म्हणत उकंडराव उठले.

"बटन कुठं ठेवू?" हिंमतरावाने विचारले.

"तुह्या हिशेबानं बरोबर असंल तिथं."

हिंमतरावाने बटण फिरवले. काटा थरथरला आणि थांबला. दोनशे तीस.