नाव पुसलेली कुपी

आमच्या खणात नऊ कुप्या होत्या. आठ जणींवर नावं होती, नववीवर नव्हतं. ती नववी मी.

मित्रांनो, मी प्लॅस्टिकची एक जुनी कुपी आहे. उंचीनं तुमच्या करंगळीएवढी, पण माझ्या पोटात वीस लाख मूळपेशी झोपल्या होत्या. एका पोस्टमनकाकांच्या कमरेच्या हाडातल्या मगजातून त्या आल्या होत्या.

अशा पेशी निवडण्याची रीत मोठी गमतीची. मगज प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत ओततात. तरंगणाऱ्या पेशी धुऊन टाकतात. तळाला चिकटून बसतात, त्याच ठेवतात. प्रयोगशाळेतली ताई त्यांना दटावायची, "चिकटा गं बायांनो! चिकटाल तर टिकाल!"

या पेशींचं हाड होऊ शकतं, कूर्चा होऊ शकते, चरबीसुद्धा. पण त्यांचं मोठं काम निराळंच. त्या आसपासच्या पेशींना निरोप धाडतात: इथे मोडलंय, कामाला लागा.

काकांची नडगी सायकलवरून पडून मोडली होती आणि काही केल्या जुळत नव्हती, म्हणून या पेशी तिथे सोडायच्या होत्या. त्यातच जखमेत पू झाला. ती बरी होईपर्यंत पेशी गोठवून ठेवायचं ठरलं. ताईनं माझ्यावर काकांचं नाव लिहिलं, पण घाईत साध्या पेननं. मग रोजच्या सवयीनं मला स्पिरिटनं पुसलं. नाव फडक्यावर गेलं आणि मी टाकीत गेले.

द्रवरूप नायट्रोजनच्या त्या टाकीत उणे एकशे शहाण्णव अंश. तिथे कुणी म्हातारं होत नाही, कुणी बोलतही नाही. अधूनमधून झाकण उघडे आणि वरून चिमटा येई. माझ्यापाशी क्षणभर थांबे आणि शेजारणीला घेऊन जाई. शेवटी खणात मी एकटीच उरले. थंडी सोसवली, ते थांबणं सोसवत नव्हतं.

एकदा चिमट्यानं मलाच उचललं. काकांची जखम बरी झाली होती.

"नाव नाही? मग ही कुणाचीच नाही. टाकून द्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सर, त्यांचीच असणार. खणात दुसरी नाहीच," ताई म्हणाली.

"'असणार' म्हणून मी कुणाच्या हाडात सुई घालत नाही."

पुन्हा मगज काढणं काकांच्या हृदयाला झेपणारं नव्हतं. ते कुबड्यांवर दारातच उभे होते.

"डॉक्टर, पत्ता पुसलेलं पाकीट आम्ही लगेच केरात टाकत नाही हो. उघडून बघतो आत कुणाचं काय आहे ते."

ताईनं डोळे पुसले. "सर, उघडू या. थोड्या पेशी काढून डीएनए काकांच्या रक्ताशी ताडून बघते."

"जुळला, तरच पुढचं."

मला कोमट पाण्यात धरलं. बर्फ वितळताच ताईनं मला बाटलीत रितं केलं. दुसऱ्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकावरून ओरडलीच, "चिकटल्या!" डीएनएच्या सोळा खुणा ताडल्या. सोळाही जुळल्या. मग डॉक्टरांनी सुईनं त्या पेशी काकांच्या नडगीत सोडल्या.

रिकामी मी, वाफेत निर्जंतुक होऊन ताईच्या टेबलावर आले. आता माझ्यावर पक्क्या शाईत नाव आहे. मित्रांनो, नाव लिहिलंत की एकदा बोटानं घासून बघा. आतल्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही.

काही महिने गेले आणि परवा काका एकाच कुबडीवर आले. ताईनं एक्स-रे खिडकीशी धरला आणि पट्टी लावली. नडगीतली फट आधी आठ मिलिमीटर होती. आता अर्धा मिलिमीटर.