आखूड पापुद्रा

"उपटा!" कुयितो बांधावरून ओरडली. "देवाच्या शिवारात परदेशी भात लावलाय हिनं. झिगिंशोर शहराहून हिच्या लेकीनं पोतं आणलं, साऱ्या गावानं पाहिलंय!"

पाहिलंय ना? मग ते आम्ही शिजवून खाल्लं, तेही पाहिलं असेल की! पण माझं ऐकतंय कोण? कुयितोसकट अकरा बायका गुडघाभर पाण्यात उतरल्याही होत्या. हा वाफा उपटला की माझ्या आईनं जपलेलं जुनं भात संपलं. कोठारात एक पेंडी उरली नव्हती, होतं नव्हतं ते बी मी इथंच लावलं होतं.

देवस्थान सांभाळणारी आलांदिसो आजी बांधावर बसली होती. शब्द तिचा शेवटचा, पण डोळे गेलेले. "सिबेट, तुझं काय म्हणणं?" तिनं मला विचारलं.

"आजी, लोंब्या अजून यायच्यात. आत्ता दोन्ही भातं सारखीच हिरवी, आणि कांडल्यावर दोन्ही लालच. या बाईनं कशावरून ओळखलं, विचारा की!"

"पोत्यावरून!" कुयितो म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हसा, हसा! पान काडीला बिलगतं तिथं पापुद्रा असतो. आपल्या जुन्या भाताचा आखूड, गोल. परक्याचा लांब, टोकदार. प्रत्येकीनं आपापल्या वाफ्यातली एक काडी आणा. आजी, तुमच्याही वाफ्यातली. आहे हिंमत?"

"आणा गं," आजी म्हणाली. "माझी आईही असंच बघायची."

साऱ्याजणी काड्या घेऊन बांधावर आल्या. आजीनं आधी माझी काडी अंगठ्यानं चाचपली. "आखूड." मग कुयितोची. "लांब." कुयितोचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या दहाही लांबच. शेवटी आजीनं स्वतःची काडी घेतली, चाचपली, पुन्हा चाचपली.

"लांब," ती म्हणाली.

देवाला चालायचं ते फक्त जुनं भात, आणि देवापुढे दरवर्षी भात जायचा तो आजीच्याच वाफ्यातला. बायकांनी माना खाली घातल्या. मला वाईट वाटलं, पण गप्प बसवेना.

"आता उपटा ना! थांबलात का?"

एकेक बाई मागे सरली. आजीनं माझा हात चाचपडत धरला. "सुगीला मूठभर बी देशील, पोरी?"

"देईन, आजी. पण कुयितोनं माझ्या दारात येऊन मागायचं. आणि तुमच्या वाफ्यात लावणी तिनंच करायची, मी बांधावर उभी असताना."

कुयितो जायला निघाली. मघाशी पाण्यात उतरताना माझं एक रोप तिच्या पायाखाली वाकलं होतं. ती थांबली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी ते सरळ केलं.