टेबलापुढची खुर्ची

मित्रांनो, कुठल्याही कचेरीत खुर्च्या दोनच प्रकारच्या असतात. एक टेबलाच्या पलीकडची; तिच्यावर बसून माणूस सांगतो. दुसरी अलीकडची, तिच्यावर बसून माणूस ऐकतो. मी अलीकडची आहे. सागवानी लाकडाची, दोन हातांची, वेताच्या बैठकीची आणि आता चांगलीच म्हातारी झालेली.

आर्वीच्या एका सुताराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच लाकडातून घडवलं. आम्हा दोघींत तिळमात्र फरक नव्हता. पण टेम्पोतून उतरवताना ती आधी हाताला लागली, म्हणून ती मालकाची झाली आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटलं, लपवून काय करू? पुढे बहिणीची पाठ मोडली आणि ती माळ्यावर गेली. तिच्या जागी चाकांवर गरगर फिरणारी एक काळी खुर्ची आली. ती आमच्यासारख्यांशी बोलत नाही.

आमचे मालक रामाजी. एसटीच्या आर्वी आगारात ते मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत त्यांनी स्कूलबसचा धंदा काढला. घरापुढे मोठं आवार, आवारात पिवळ्या गाड्या आणि कोपऱ्यात एक खोली, तीच कचेरी. ड्रायव्हर, पालक, टायरवाले, विमावाले, सगळे माझ्यावर बसून गेले. बसण्यावरून मी माणूस ओळखते. पाठ टेकून बसतो तो निर्धास्त असतो. काठावर टेकतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. आणि माझे दोन्ही हात घट्ट धरून बसतो, त्याला काहीतरी वाईट ऐकायचं असतं.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. एका पाहुण्यानं तर मला उचलून बघितलं आणि असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही, असं म्हणाला. त्या दिवशी मी जरा ताठच उभी होते. मग वेत तुटला, त्या जागी प्लॅस्टिकची पट्टी विणली गेली. मागचा एक पाय डुगडुगायला लागला, तेव्हा त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून दिली. तेवढ्यावर माझी कित्येक वर्षं निघाली.

आता तुम्हाला कवडूची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कवडू गाडीवर क्लीनर होता. काम करायचा, पण चिडला की लेकरांच्या अंगावर धावून जायचा. पालकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा त्याला कमी करायचं ठरलं. रामाजींचा जीव भारी मऊ. त्यांनी कवडूला माझ्यावर बसवलं, आधी चहा पाजला, मग घरच्यांची, मग शेतातल्या तुरीची विचारपूस केली. मग इकडचं तिकडचं बोलत, 'सध्या गाड्या कमीच करून राह्यलो' असं काहीसं पुटपुटले. कवडूनं मान डोलावली. तो उठला तेव्हा रामाजी म्हणाले, "येजो बापा."

आमच्या भागात निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. 'जा' म्हणणं अशुभ. येजो म्हणायचं, म्हणजे पुन्हा ये. हा शब्द रामाजींच्या तोंडून सवयीनं निघाला आणि तोच एक शब्द कवडूला नीट समजला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून, डबा घेऊन कामावर हजर! त्याच्या गाडीवर दुसराच माणूस उभा. बाकीचे ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून हसले. कुणी त्याला काही सांगेना आणि रामाजी घरातून बाहेर येईनात. दुपारपर्यंत कवडू फाटकाजवळ डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. मला तो खिडकीतून दिसत होता. रामाजींची मुलगी दीपमाला तेव्हा कॉलेजात होती. तिनंही ते पाहिलं, आणि ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढे रामाजींचे गुडघे गेले आणि धंदा दीपमालाच्या हाती आला. ती काळ्या खुर्चीवर बसायला लागली. बोलणं थोडं, पण बोलली की त्यात बदल नाही. तिनं एक नियम केला. फेरी संपली की ड्रायव्हरनं शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटखाली बघायचं आणि मगच गाडीला कुलूप लावायचं. या नियमातून कुणालाही सवलत नव्हती.

आमच्याकडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर कैलास. हात इतका साफ, की गाडीत उभा ठेवलेला पाण्याचा पेला सांडू नये. लेकरं त्याला कैलासमामा म्हणायची. पण मामाच्या कानाला सदान् कदा मोबाइल. मागच्या सीटपर्यंत जायचा त्याला कंटाळा. एकदा एक दप्तर गाडीत राहिलं. एकदा एक मुलगा झोपेतच आपल्या थांब्याच्या पुढे गेला. दोन्ही वेळा दीपमालानं त्याला माझ्यावर बसवून बजावलं. दुसऱ्या वेळी तर, पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेईन, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं शपथ घेतली, आणि खरं सांगते, घेताना ती मनापासूनच घेतली.

मग मार्च संपता संपता ती सकाळ आली. केजीतली एक चिमुरडी मागच्या सीटवर झोपून गेली. शाळा आली, सगळे उतरले, ती उतरली नाही. कैलास फोनवर बोलत बोलत गाडी आवारात घेऊन आला, कुलूप लावलं आणि घरी गेला. ऊन चढलं. गाड्या झाडणारी कौशल्याबाई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आली, म्हणून बरं. काचेवर आतून दोन लहान हात आपटताना तिला दिसले. मुलगी घामानं निथळत होती, रडून आवाज बसला होता. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, ती वाचली. उशीर झाला असता तर काय, हे त्या दिवशी आवारात कुणीच बोललं नाही.

दीपमालानं कैलासला बोलावून काय झालं ते विचारलं. त्यानं खोटं सांगितलं नाही. फोन चालू होता, मागे गेलोच नाही, एवढंच तो खाली मान घालून बोलला. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिनं त्याला गाडीवरून उतरवलं. स्वतः मुलीच्या घरी जाऊन आई-वडिलांची माफी मागितली.

पालकांचे पुढारी अण्णाजी आले. ते माझ्यावर ऐसपैस पाठ टेकून बसले. कैलासला शाळेच्या फाटकावर उभा करा, सगळ्यांसमोर कान धरायला लावा, आम्ही त्याचा व्हिडिओ काढू, असं त्यांचं म्हणणं. दीपमालानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्या हाती गाडी राहणार नाई, हा माझा शब्द. पण माणसाचा तमाशा मी करू देणार नाई. माफी पाहिजे असन तर मीच मागीन, गाडी आमची हाय." अण्णाजी कुरकुरत गेले.

खरी अडचण घरातच होती. रामाजींनी कैलासला मुलासारखं वागवलं होतं. संध्याकाळी ते काठी टेकत आले.

"त्याले काई सांगू नको, माय. दुसरा ड्रायव्हर लावून दे, अन् त्याले म्हण, दोन-चार रोज आराम कर. समजून जाईन तो."

"कवडूकाका समजले होते का, बाबा?"

रामाजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. दीपमालाच्याही आलं होतं, पण तिचा विचार बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली गोष्ट काय केली असेल? सुताराला बोलावून माझा पाय पक्का करून घेतला. पुठ्ठा काढून फेकला. सुतारानं विचारलं, आजच एवढी घाई काऊन? तर म्हणाली, ज्याला वाईट ऐकायचं त्याच्या बुडाखाली तरी डुगडुग नको. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढा विचार केला नव्हता, आणि तोही माझ्यासाठी नव्हता, याचं मला अजिबात दुःख नाही.

तिनं वेळही बघून निवडली. सगळ्या गाड्या फेरीवर गेल्या, आवार रिकामं झालं, खिडकीशी कान लावायला कुणी उरलं नाही, तेव्हा कैलासला बोलावलं. त्याचा पगार आणि जे काही देणं होतं ते आधीच तयार ठेवलं होतं. आपला मोबाइल बंद करून खणात टाकला. आणि काळ्या खुर्चीवर न बसता एक साधी खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी येऊन बसली. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

कैलास माझे दोन्ही हात धरून बसला. त्याचे तळवे ओले होते.

"कैलासभाऊ, जे वाईट हाय तेच पहिले सांगीन. चहा मागून पिऊ. आजपासून तुमचं इथलं काम संपलं."

कैलासनं मान वर केली. "म्हंजे आठ-पंधरा रोज घरी राहू?"

किती सोपी वाट दिली होती त्यानं! हो म्हटलं असतं की संपलं. पण दीपमालानं ती वाट घेतली नाही.

"नाई भाऊ. आठ रोज नाई, पंधरा रोज नाई. या गाड्यांवर परत नाई."

मग तिनं कारण सांगितलं. दप्तर, झोपलेला मुलगा, दोन वेळा दिलेली ताकीद, आणि ती चिमुरडी. आवाज चढवला नाही, जास्तीचा एक शब्द वापरला नाही. कैलास म्हणाला, इतकी वर्षं चालवली, कुण्या लेकराला खरचटू दिलं नाही. ती म्हणाली, खरं आहे, तेही मी सगळ्यांना सांगीन. कैलास जमिनीकडे बघत म्हणाला,

"मले एकदा माफ नाई करत का, ताई?"

"माफ केलं, भाऊ. गाडी नाई देऊ शकत."

त्याची बोटं माझ्या हातांवर अशी आवळली, की मला वाटलं लाकूड फुटतं. तो रडला. दीपमाला उठली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, की पुरे आता असंही म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. डोळे पुसून झाल्यावर त्याच्या मनात जे खरं सलत होतं ते बाहेर आलं.

"लोकाइले काय सांगान तुमी?"

"जे झालं तेवढंच. कोणी दारू म्हणलं, चोरी म्हणलं, तर खोटं हाय म्हणीन."

"अन् दुसऱ्या मालकानं विचारलं तर?"

"हात साफ हाय, माणूस इमानदार हाय, असं सांगीन." आणि लगेच पुढे म्हणाली, "लेकराइची गाडी देऊ नका, हेबी सांगीन."

कैलासनं हळूच मान हलवली. मग चहा आला. दोघांनी तो शेजारी बसूनच प्यायला. दारात रामाजी उभे होते. त्यांनी कैलासचा हात दोन्ही हातांत धरला, ओठ हलले, पण सवयीचा तो शब्द त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला. संध्याकाळी दीपमालानं बाकीच्या ड्रायव्हरांना एका वाक्यात सांगितलं. एक जण चेष्टेच्या सुरात काही बोलायला गेला, तर तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो गप्प झाला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आवारासमोर मालवाहू गाडी थांबली. कैलास उतरला. तो आता सोयाबीन आणि कापूस आर्वीच्या बाजारात पोचवतो. आत आला आणि माझ्यावर बसला, पाठ टेकून. दीपमालानं जयवंतावहिनी, म्हणजे त्याची बायको, कशी आहे ते विचारलं. तो जरा हसला. नव्या मालकानं दीपमालाला फोन केला होता, ते त्याला माहीत होतं. तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या, चांगली आणि दुसरीही, आणि त्यावरही मालकानं त्याला ठेवलं होतं.

"त्या दिवशी घरी जाता जाता म्या जयवंताले सांगायले चार खोट्या गोष्टी जुळवल्या होत्या," तो म्हणाला. "गाडी बिघडली, मालक बदलला, असं काईबाई. पण तुमी मले धड सांगतलं होतं ना ताई, म्हणून मले बी घरी धड सांगता आलं."

दीपमालानं खिडकीबाहेर पाहत चहा सांगितला.

मित्रांनो, आज तुम्ही शाळेच्या बाकांवर बसता. उद्या तुमच्यातले काही जण टेबलाच्या पलीकडे बसाल, आणि एखाद्या माणसाला नाही म्हणण्याची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा गोड बोलून त्याला अंधारात ठेवू नका आणि चारचौघांत त्याची लाजही काढू नका. त्याला बसायला धड खुर्ची द्या, जवळ बसा, खरं सांगा आणि तो उठेपर्यंत थांबा. मी इतकी वर्षं माणसांचं ओझं पेललं आहे, म्हणून हक्कानं मागते. कामावरून उठवावं लागलं, तर जरूर उठवा. माणसातून उठवू नका.