वळवलेली लाइन

वीज सहकारी संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि स्मरणिकेसाठी तिचा इतिहास लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. बाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. शिवाय संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांची लेक. सचिव म्हणाले, "तुमच्या घरचाच इतिहास. आठ दिवसांत उरकेल."

दोन महिने झाले तरी उरकेना. पहिल्या लाइनच्या नकाशापाशी बाईंचं घोडं अडलं होतं. रस्त्याच्या कडेने सरळ आलेली रेघ अण्णांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे बाईंच्या आत्याच्या, घराच्या अलीकडेच एकदम वळली होती, ओढ्यापलीकडून गेली होती आणि घर मागे पडल्यावर पुन्हा रस्त्याला लागली होती. या वळशाला सहा खांब जास्त लागले असणार.

"अण्णा, लाइन इथे का वळवली?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"खडक होता," एकोणनव्वद वर्षांचे अण्णा म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

बाईंना चैन पडेना. गॅसवर दूध ठेवून त्या नकाशा उघडून बसत आणि दूध उतू जाई. शेवटी त्यांनी म्हाताऱ्या वायरमनचं घर गाठलं. पहिले खड्डे त्यानेच खणले होते.

"खडक?" तो हसला. "लोण्यासारखी जमीन हो ती! पण आम्ही सांगकामे. वळवा म्हणाले, वळवली."

"कोण म्हणालं?"

वायरमनचं हसू मावळलं. "बाई, तुम्ही त्यांच्या लेक. मला कशाला बोलायला लावता?"

लहानपणी आत्याकडे जायचं नाही, एवढंच बाईंना माहीत होतं. पुढे ते न जाणं अंगवळणी पडलं. त्या दुपारी मात्र त्या तडक तिथे गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती.

"बस ना. उभ्या उभ्या काय विचारतेस?" सगळं ऐकून आत्या म्हणाली. "पहिल्या सभेत अध्यक्षपदासाठी मी तुझ्या बापाला मत दिलं नाही. नवरा गेल्यावर हे घर माझ्या नावावर झालं होतं, म्हणून मला मत होतं. सगळ्यांसमोर हात वर केला, तो त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गिरणीवाल्यासाठी."

"सख्ख्या भावाविरुद्ध?"

"तो म्हणत होता, घर ज्याच्या नावावर, तोच सभासद. गिरणीवाला म्हणाला, भाडेकरूंनाही घ्या, त्यांच्या घरात अंधार काय कमी असतो? मला पटलं. तुझा बाप निवडून आला आणि मला म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. महिन्याभरात खांब आले, ते ओढ्यापलीकडून गेले. नऊ वर्षं तिकडच्या खिडक्या उजळायच्या आणि मी कंदिलाची काच पुसत बसायचे."

"मग वीज आली कशी?"

"नियम बदलला. भाडेकरू सभासद झाले आणि त्यांनी पहिला अर्ज कसला दिला असेल? आधी हिच्या घरी लाइन द्या म्हणून."

"लिहू हे?"

आत्याने दोरा दाताने तोडला. "लिही. पण बिचारी म्हणून लिहू नकोस. हात का वर केला, ते लिही."

बाईंनी लिहिलं. अण्णांना आता वाचता येत नसे, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं.

"सहा नाही, सात खांब," अण्णा म्हणाले. "एक ओढ्याला पूर आला तेव्हा वाहून गेला. पुन्हा पुरला. तेव्हाच शुद्धीवर यायला हवं होतं."

"नऊ वर्षं, अण्णा!"

"पहिली दोन रागात गेली. पुढची सात लाजेत."

सचिवांनी ते पान वाचलं आणि डोक्याला हात लावला. "पाहुणे येणार आहेत, बाई. हे छापता यायचं नाही." बाईंनी सगळी कागदपत्रं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरा लेखक शोधा म्हणून सांगितलं. संध्याकाळी अण्णांनी स्वतः सचिवांना फोन लावला. "छापा. मी जिवंत आहे तोवर छापा. मेल्यावर छापलंत तर ती चहाडी होईल."

समारंभाच्या दिवशी अण्णा पहिल्या रांगेत होते आणि आत्या शेवटच्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं की नाही, कळलं नाही. बाईंना बोलायला बोलावलं. ते पान वाचत त्या लाइन वळवल्याच्या परिच्छेदावर आल्या, तेव्हा अण्णा उठले आणि काठी टेकत मागे चालू लागले. माना वळल्या.

आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती. अण्णा तिथे जाऊन उभे राहिले. आत्या समोर बघत होती, पिशवीला तिने हातही लावला नाही. बाई थांबल्या. सचिवांनी हळूच "पुढे, पुढे" म्हटलं, पण पुढची ओळ सापडत नव्हती.

मग आत्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली. अण्णा बसले.

बाईंनी तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला.