डुंबरबेटातलं विरोधी मत

डुंबरबेटाचे राष्ट्राध्यक्ष मार्चमध्ये गेले. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवायचा प्रश्न आला नाही, कारण डुंबरबेटाला ध्वज नाही. नाणं नाही, सैन्य नाही, नकाशावर जागा नाही. राष्ट्राध्यक्ष तेवढे होते, आणि ते माझे बाबा होते.

हा देश त्यांच्या मुलीने, म्हणजे मी, स्थापन केला, असं ते सगळ्यांना सांगत. आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुझा देश कोणता? इंडिया म्हणणारी मुलं माझ्या आधीच तीन-चार होऊन गेली होती आणि मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, डुंबरबेट. बाईंनी अ‍ॅटलास काढला, मागची सूची दोनदा पाहिली आणि संध्याकाळी घरी फोन केला. दुसरा कुणी बाप असता तर माफी मागून मोकळा झाला असता. बाबा म्हणाले, "फार लहान बेट आहे मॅडम. छापताना राहून जातं." मग फोन ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"क्षिप्रा, तुझ्या देशात सरकार कसलं आहे? त्या विचारणार आहेत मला."

ते ठरवायला आम्हांला एक आख्खा शनिवार लागला. पुढे मी राज्यशास्त्रावरची बरीच जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या शनिवारच्या राज्यघटनेइतकी टिकाऊ घटना मला फारशी आढळली नाही. ती कुठेही लिहिलेली नव्हती, म्हणून तिचा अर्थ लावायचा हक्क सगळ्यांना होता.

डुंबरबेटाचा राष्ट्रीय खेळ लगोरी. तिथे सरकार मतांनी ठरत नाही, लगोरीने ठरतं; मतदान फक्त अध्यक्षपदासाठी. एका पक्षाने लगोरी फोडायची आणि दुसऱ्या पक्षाच्या चेंडूचा मार चुकवत पुन्हा रचायची. दोन्ही पक्षांची अपुरी राहिली तर सत्ता विरोधी पक्षाकडे जाते. "मोडलं त्यानेच रचायचं," बाबा म्हणत, "सरकारकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये." पक्ष दोन. चहा पक्षाची नेता माझी आई, संजीवनी. कॉफी पक्षाचे नेते निशिकांत काका. ते बाबांचे बँकेतले मित्र, आणि टॅम्पिनीसला आईबाबांच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच इमारतीत, दोन मजले वर राहतात. जो पक्ष जिंकेल तो वर्षभर दोन्ही घरांची रविवारची न्याहारी ठरवणार. आईचा नेम असा की चहा पक्ष कायम सत्तेत. काकांना दर रविवारी हॉकर सेंटरच्या स्टॉलवरचा प्राटा, म्हणजे इथला पराठा, हवा असायचा, आणि दर रविवारी ते निषेध नोंदवून दोन वेळा पोहे घेत.

राष्ट्रीय दिन ऑगस्टमध्ये, सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनानंतरच्या रविवारी. शेजारच्या मोठ्या राष्ट्राचा मान आधी. शिवाय ब्लॉकच्या गॅलऱ्यांतून लाल-पांढरे झेंडे तेव्हा लटकतच असतात, ते आपल्यासाठीच लावलेत असं समजता येतं. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सामना झाला नाही तर बेट बुडतं. म्हणून कोविडच्या वर्षी आम्ही व्हिडिओ कॉलवर खेळलो होतो. दोन्ही घरांनी आपापल्या जेवणाच्या टेबलावर वाट्या रचल्या आणि मोज्यांच्या गोळ्याने पाडल्या.

यंदा मी ठरवलं होतं, नको. मार्चपासून मी रविवारी टॅम्पिनीसला जाणंच बंद केलं होतं. शनिवारी जायचं, आईचं सामान भरायचं, औषधं पाहायची आणि जेवायच्या आत जुरोंग ईस्टला माझ्या घरी परत. शनिवारचं ते घर मला सहन होत होतं. रविवारचं झालं नसतं.

त्या रविवारी दुपारी काकांचा फोन आला.

"क्षिप्रा, सहा वाजता. तुझी आई कोस्टर घेऊन खाली उतरतेय."

बाबांना निवृत्तीच्या वेळी बँकेने सात लाकडी कोस्टर दिले होते. गेली काही वर्षं तीच आमची लगोरी.

"काका, यंदा राहू दे ना."

"बेट बुडेल."

"बुडू दे."

"बरं," काका म्हणाले, "पण मग खाली येऊन तसं जाहीर कर. परस्पर बेट बुडवायचा अधिकार घटनेत कुणाला नाही."

मी फोन ठेवला तेव्हा माझी अकरा वर्षांची मुलगी, इरा, बूट घालून दारात उभी होती आणि माझा नवरा वरुण चार्जरवरून स्वतःचा फोन काढत होता. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी पर्स उचलली. बाकावर बसून राहीन, असं स्वतःला सांगितलं.

ब्लॉकखाली चेंडू खेळायला बंदी आहे, तशी पाटीच आहे. म्हणून सामना मागच्या हिरवळीवर होतो. आम्ही पोचलो तेव्हा आई ओढणी कमरेला खोचत होती, निशिकांत काकांची बायको मीनल काकू गुडघ्यांना पट्टे बांधत होत्या आणि तळमजल्यावरचे मिस्टर टॅन त्यांच्या नेहमीच्या बाकावर येऊन बसले होते. बाबांनी त्यांना फार पूर्वी आंतरराष्ट्रीय निरीक्षक नेमलं होतं. शेजारी बाबांची घडीची खुर्ची मांडलेली होती. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्याच खुर्चीत बसून पंचगिरी केली होती.

राष्ट्राध्यक्षाचं काम तेवढंच, पंचगिरी. आणि अधिकारही एकच: कुणाला लिंबूटिंबू करायचं ते ठरवणं. लिंबूटिंबूने खेळायचं, पळायचं, पण चेंडू लागला तरी तो बाद नाही. पहिली लिंबूटिंबू मी होते. मग कित्येक वर्षांनी इरा झाली. गेल्या वर्षी धाप लागून हाताची खूण उशिरा व्हायला लागली तेव्हा बाबांनी स्वतःलाच लिंबूटिंबू जाहीर केलं. "आता माझे निर्णय चुकले तरी मी बाद नाही," ते म्हणाले होते.

"आधी अध्यक्ष निवडायचा," काका मध्ये उभे राहून म्हणाले. "पंचाशिवाय सामना नाही. कॉफी पक्षातर्फे मी इराचं नाव सुचवतो."

"भावजी, ती तर तुमच्याच पक्षात होती गेल्या वर्षी," आई म्हणाली. "एका कप मायलोसाठी फुटली होती."

"आजी, दॅट वॉज लास्ट इयर लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "नाऊ आय अ‍ॅम न्यूट्रल."

"चहा पक्षाचा पाठिंबा आहे," वरुण म्हणाला.

"सासूबाईंना विचारलंस?" काकांनी टोकलं.

"आई, तुम्ही आत्ता मान हलवलीत."

"मी डास उडवत होते. पण असू दे, पाठिंबा."

हात वर झाले. आईचा, वरुणचा, काकांचा, काकूंचा. इराचा सगळ्यांत उंच. मिस्टर टॅन यांना मत नाही, पण त्यांनीही सवयीने वर्तमानपत्र वर केलं. मग सगळे बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहायला लागले.

मला ती खुर्ची दिसत होती. तिच्या कापडी पाठीला मधोमध एक खोलगट आकार आला होता, आणि अकरा वर्षांची मुलगी तिच्यात बसली असती तर तो आकार तिच्याहून मोठा दिसला असता.

"मी नाही," मी म्हणाले. "माझं मत विरोधात. इराच्या विरोधात नाही. सगळ्याच्याच. बाबा नाहीत तर हा देश म्हणजे सात कोस्टर आहेत. मला तो नकोय."

वर झेंडे वाऱ्याने फडफडले. मग निशिकांत काकांनी टाळी वाजवली.

"विरोधी मत आलं! निवडणूक वैध!"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मी विसरले होते. त्या पहिल्या शनिवारचंच कलम होतं ते: अध्यक्षाची निवड एकमताने झाली तर ती रद्द. एक तरी मत विरोधात हवंच. बाबा दर वर्षी स्वतःच्या विरोधात मत देत आणि वर भाषण करत, की हा माणूस दुपारी झोपतो, बायकोच्या बाजूने निकाल देतो, याला निवडू नका. त्यानंतर ते रीतसर निवडून येत.

"मी तर काळजीत होतो," काका म्हणाले. "सुबोध, तुझा बाबा, गेल्यावर विरोध करणार कोण? मीनलला विचारलं होतं, ती म्हणाली, पोरीच्या विरोधात माझा हात वर होणार नाही."

"आणि तुम्हीच का नाही केलात?" मी विचारलं.

"मी नाव सुचवणारा. मला कसा करता येईल? घटना वाच जरा."

"ती लिहिलेली नाहीये काका!"

"म्हणून काय झालं?"

इरा एव्हाना खुर्चीत बसलीसुद्धा होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. खुर्ची पुढे झुकवून ती टोकावर बसली, आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. ती मला तिथे लहान वाटली नाही.

"फर्स्ट ऑर्डर," ती म्हणाली, आणि मग आजोबांच्या अध्यक्षपदाला शोभेल अशा मराठीत, "या वर्षी आई लिंबूटिंबू."

मी काही बोलायच्या आत आईने माझ्या हातातून पर्स काढून घेतली आणि मिस्टर टॅनच्या स्वाधीन केली.

कॉफी पक्षाची पाळी आधी झाली आणि लवकर संपली. काकांनी लगोरी फोडली, पण रचायला वाकल्यावर आईने त्यांना पाठीत असा चेंडू हाणला की मिस्टर टॅन "वाह, आंटी!" म्हणून उभे राहिले. काकूंनी दोन कोस्टर ठेवले आणि गुडघ्यांनी पुढे यायला नकार दिला.

मग आमची पाळी. आईने पहिल्याच फेकीत सातही कोस्टर उडवले. त्यानंतर ती पळता पळता काकूंना "अगं मीनल, पट्टा सुटला तुझा" असं म्हणाली, काकू पट्ट्याकडे न पाहता चेंडू मारून मोकळ्या झाल्या, आणि चहा पक्षाची नेता कित्येक वर्षांनी बाद झाली. वरुण चप्पल सांभाळत होता तेव्हा काकांनी त्यालाही बाद केलं. उरले मी.

आईने आणि वरुणने तीन रचले होते; उरलेले कोस्टर मी गोळा करत होते. दोन गवतात, एक पायवाटेपाशी, एक मिस्टर टॅनच्या बाकाखाली. मला माहीत होतं की मला कुणी बाद करू शकत नाही, तरी मी वाकडीतिकडी पळत होते. पाय आपोआप तसेच पळत होते. सहावा कोस्टर ठेवला आणि काकांचा चेंडू माझ्या दंडावर सणकन लागला. मी सातवा ठेवला.

"लगोरी!" मी ओरडले. मार्चनंतर मी इतक्या मोठ्याने काहीच बोलले नव्हते.

आईने टाळ्या वाजवल्या. वरुण म्हणाला, "पोहे!" मी काकांकडे पाहिलं, कारण आता ते भांडणार होते. काका पायचीत, झेल, सीमारेषा, सूर्यप्रकाश, कशावरूनही भांडतात. एका वर्षी कोस्टरवर मुंगी होती म्हणून त्यांनी अर्धा तास सामना थांबवला होता.

काका चेंडू उचलून पुसत होते. "मान्य," ते म्हणाले. "चहा पक्ष विजयी. लिंबूटिंबू बाद होत नाही."

"काका?"

"काय गं?"

"लिंबूटिंबूने रचलेली लगोरी धरायची की नाही, यावर तुम्ही काहीच म्हणणार नाही?"

"असू दे या वर्षी."

ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला दंडावर लागलेल्या चेंडूपेक्षा ते जास्त लागलं. मार्चपासून सगळेच माझ्याशी असे बोलत होते. ऑफिसमधले, शेजारचे, वरुणसुद्धा. तांजोंग पगारला ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक मला आधी जाऊ देत. आणि मी ते सगळं घेत आले होते. पण निशिकांत काका बाबांशी शेवटच्या महिन्यात दवाखान्यातसुद्धा भांडले होते, गेल्या वर्षीच्या एका निकालावरून, नर्स आत येईपर्यंत. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले होते.

"इरा," मी म्हणाले, "मी लिंबूटिंबू नाही."

"बट आय ऑलरेडी डिसायडेड."

"मग बदल. चेंडू लागला मला. इथे." मी दंड दाखवला. लाल वर्तुळ उठलं होतं. "सातवा कोस्टर ठेवायच्या आधी लागला. मी बाद."

"अगं क्षिप्रा," आई म्हणाली, "पोह्यांचा विचार कर!"

"आई, यू शुअर आह?" इराने विचारलं.

"शुअर."

अध्यक्षांनी आंतरराष्ट्रीय निरीक्षकांकडे पाहिलं. मिस्टर टॅननी माझ्या पर्सवरून हात उचलून अंगठा खाली केला.

"आउट," इरा म्हणाली. "दोघांची लगोरी अपुरी, सो कॉफी पक्ष विन्स. फर्स्ट टाइम एव्हर!"

काका जिथे होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या हातातला चेंडू खाली पडून घरंगळत गेला. मग त्यांनी शर्ट नीट केला, घसा खाकरला आणि त्यांना आठवलं की विजयाचं भाषण त्यांनी कधी तयारच केलं नव्हतं.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्राटा," ते एवढंच म्हणाले. "एग प्राटा. अनियन प्राटा. वर्षभर."

"निषेध!" आई म्हणाली. "भावजी, माझा निषेध नोंदवून घ्या. मी दर रविवारी पोहे घेऊन येणार आणि तुमच्या नाकासमोर बसून खाणार."

"वहिनी, तो तुमचा हक्कच आहे. मी इतकी वर्षं तेच करत होतो ना?"

"तुम्ही दोन वेळा वाढून घेत होतात!"

"दुःखाने घेत होतो."

"पोह्यांतल्या कढीपत्त्याची शपथ घेऊन सांगा."

"ऑर्डर, ऑर्डर," इरा खुर्चीतून ओरडली, पण दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बाबांकडेही कधी दिलं नव्हतं. समोरच्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यांवर अजून ऊन होतं. मी खाली बसून कोस्टर उचलले, गवत झटकलं आणि एकावर एक ठेवून आईच्या पिशवीत घातले.

"काका," मी विचारलं, "रविवारी किती वाजता यायचं?"

काका भांडण मध्येच थांबवून वळले. "नऊ," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि आवाज चढवला. "नऊ म्हणजे नऊ. तुम्ही जुरोंगवाले एमआरटीची गाडी चुकली असं सांगून साडेनऊला उगवता. माझ्या राज्यात ते चालणार नाही."

"सव्वानऊ," मी म्हणाले. "आणि त्या सीमारेषेबद्दल मला बोलायचंय. तुम्ही चेंडू फेकलात तेव्हा तुमचा पाय बाहेर होता."

"कुठे बाहेर? कुठे बाहेर होता? इकडे ये, दाखव मला!"

मी दाखवायला गेले.