मागचं सगळं साफ

शाळेच्या क्रीडादिनाचे तीनशे बारा फोटो नम्रताच्या लॅपटॉपवर येऊन पडले होते आणि सोबत गुरुप्रसादचा नेहमीचा निरोप होता. मारुती मंदिरापाशी त्याचा स्टुडिओ. तो फोटो काढायचा आणि ही घरी बसून ते साफ करायची. "वहिनी, एका फोटोत एकच पोर. मागची स्कूटर, पाण्याचा टँकर, ते मंगल कार्यालयाचं बॅनर, कोण उगाच मध्ये डोकावत असेल तो, सगळं उडवा. आईबापाला आपलं पोर दिसलं की पुरे."

रविवारची दुपार. नवरा मुंबईला, महिन्यातून दोन दिवस येणारा. घरात ती आणि नऊ वर्षांची राही. राही आतल्या खोलीत चित्रं रंगवत होती आणि नम्रताचा एक कान तिकडेच होता. चार वर्षांपूर्वी राहीला बालदमा निघाला, तेव्हापासून तो कान तिकडेच असायचा. पोर हसली तरी हिला आधी घरघर ऐकू यायची.

फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लटकत होता. क्रीडादिनाला राहीचा रिलेचा संघ पहिला आला होता, आणि शनिवारी लांज्याला आंतरशालेय स्पर्धेला त्याच चौघी जायच्या होत्या. उद्या सकाळी सही करून द्यायचा. चार दिवस तो तसाच लटकत होता. सही करायला गेलं की पेन जड व्हायचं.

"सकाळी शंभर मीटरला चौथी, मग रिलेला पहिली," राहीने त्या दिवशी सांगितलं होतं. पालकांना फक्त बक्षिसांच्या वेळी बोलावलं होतं; नम्रता पोचली तेव्हा पोर गळ्यात पदक घालून दात काढून उभी होती.

"धाप?"

"नाही गं आई."

आता नम्रता त्याच दिवसाचे फोटो साफ करत होती. तिची एक पद्धत होती. फोटो मोठा करायचा, पुढच्या मुलाच्या केसांची, कानांची कड नीट पकडायची आणि मागचं जे काही असेल ते ब्रशने पुसत जायचं. इतकं जवळून मागचं काही ओळखू येत नसे. नुसते डाग. हिरवा डाग म्हणजे हाउसचा टी-शर्ट, पांढरा डाग म्हणजे टोपी. तसले टी-शर्ट घातलेली दीडशे पोरं होती.

तेहतिसावा फोटो राहीच्या वर्गातल्या ऋत्विकचा. लांब उडी, दोन्ही पाय हवेत, तांबड्या मातीवर सावली. त्याच्या गुडघ्यामागे एक हिरवा डाग होता. तिने ब्रश टेकवला, अर्धा पुसलाही. मग त्या हिरव्यात एक निळा ठिपका दिसला, आणि तिचा हात थांबला.

ते निळं तिला चांगलंच ओळखीचं होतं. त्याची जागा घरात तांदळाच्या डब्यामागे होती, म्हणजे कोण आलं तर दिसू नये.

तिने पुसलेलं परत आणलं. फोटो लहान केला. ऋत्विकच्या मागे पाण्याची टाकी, टाकीमागे चिऱ्याची भिंत आणि भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसलेली राही. तोंडाला दम्याचा पंप.

नम्रताने मूळ फोटो उघडले. प्रत्येकावर वेळ होती. ती वेळेप्रमाणे लावत गेली.

दहा अडतीस. लिंबू-चमच्यावाल्या मुलीच्या मागे राही चालत टाकीकडे निघालेली. दहा एक्केचाळीस. हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. ते खांदे नम्रताने किती रात्री चोळले होते. दहा चव्वेचाळीस, हा ऋत्विकचा. दहा बावन्न. अजून भिंतीकडेच तोंड. दोन हातांवर खेळाचे भावेश सर शिट्टी तोंडात धरून उभे, पाठमोरे. एकाही माणसाचं तोंड तिच्याकडे वळलेलं नव्हतं. अकरा तीन, पाणी पिताना. अकरा दहा, बुटाची नाडी बांधताना.

तेहतीसपैकी सहा फोटोंत ती होती. पाच फोटोंतून नम्रताने तिला सफाईने पुसलं होतं आणि ते गुरुप्रसादला पाठवूनही दिले होते. त्याने अंगठा पाठवला होता.

"राही."

पोर हाताला रंग लावून आली. पडद्याकडे बघितलं आणि हात पाठीमागे घेतले.

"हे कोण?"

"मीच."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू फॉर्म फाडला असतास."

हे इतकं खरं होतं की नम्रताला रागावताही येईना. "किती वेळा घेतलास पंप?"

"दोनदा. मधे थांबले. डॉक्टर सांगतात तसंच. मग बसले, पाणी प्यायले. मग बरं वाटलं. मग धावले."

"सरांना हाक मारायची ना. दोन हातांवर आहेत ते."

राहीने तिच्याकडे बघितलं, गणित चुकलेल्या बाईंकडे बघावं तसं. "तूच सांगतेस ना, पंप चारचौघांत काढायचा नाही. आडोशाला जायचं."

नम्रताने खरंच सांगितलं होतं. शाळेत नाव घालतानाही आजाराच्या रकान्यात तिनेच 'नाही' लिहिलं होतं. पालीहून सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "मुलीची जात आहे. दमेकरीण म्हणून नाव पडलं की ते जाता जात नाही." नम्रता बी.एस्सी. झालेली, दमा काय असतो ते तिला शिकवायची गरज नव्हती. तरी लिहिलं. आणि मग चार वर्षं देवाला हात जोडत बसली. पंप संपला असता तर? भिंतीपाशी चक्कर आली असती तर? कोणी उचललं असतं तरी काय झालंय ते कळलं नसतं. शाळेच्या कागदावर पोर ठणठणीत होती.

तिने फॉर्म काढला. 'काही आजार असल्यास' याच्यापुढे लिहिलं: बालदमा. खाली पंपाचं नाव लिहिलं. सहीची जागा मोकळीच ठेवली.

राही वाकून वाचत होती. "आता सर काढणार मला," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

नम्रताने सरांना फोन लावला.

"बोला वहिनी. तुमची पोर म्हणजे नुसतं वारं."

तिने सांगितलं. सगळंच, टाकीमागचंसुद्धा. 

"हे आत्ता सांगताय? तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे ती. उन्हात चार-चार फेऱ्या मारायला लावल्यात मी तिला."

"चुकलं माझं, सर."

"आणि मी तिथेच होतो म्हणता?"

"फोटोत आहात. पाठमोरे."

सरांचा आवाज खाली आला. "उद्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ते हो म्हणाले तर धावेल. नाही म्हणाले तर बसमधून येईल आणि टाळ्या वाजवेल, तेही लागतं कोणीतरी. पण एक पंप तिच्या खिशात नि एक माझ्या खिशात. आणि तुम्ही पण चला लांज्याला. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा समोर बसून लावा."

दाराआडून प्रश्न आला. "काय म्हणाले?"

"डॉक्टरांना विचारू म्हणाले."

"डॉक्टर हो म्हणतील. ते तुझ्यासारखे नाहीत."

पण येऊन लॅपटॉपशेजारी बसली. नम्रताने ऋत्विकचा फोटो परत उघडला होता. काम तर करायचंच होतं. त्याच्या आईला तिचा ऋत्विक हवा होता. मूळ फोटो तिने डॉक्टरांना दाखवायला वेगळे ठेवले, आणि ब्रश टाकीपाशी नेला.

"मला पुसतेस?"

"इथून फक्त."

"पायापासून पूस. गुदगुल्या होतात का बघते."

दोघी हसल्या, आणि नम्रता सवयीने राहीच्या हसण्यामागचा श्वास ऐकत राहिली. साफ होता. निदान आत्ता तरी. मग उठून तिने तांदळाच्या डब्यामागून पंप काढला, उद्या डॉक्टरांकडे न्यायचा म्हणून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या गंगाकाकू वाटी घेऊन उघड्या दारातून आत आल्या. काकूंच्या कानावर एखादी गोष्ट गेली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळायची. नम्रताचा हात पंपाकडे गेला. पोचलाही. राही तिच्या हाताकडे बघत होती.

नम्रताने हात मागे घेतला.

"हे काय गो?" काकूंनी विचारलंच.

"राहीचा पंप. दमा आहे तिला."

"हां काय?" काकूंनी राहीला खालून वर न्याहाळलं. "माझ्या भावाला होता. तो अजून होडी घेऊन जातो मेला." आणि वाटी पुढे केली. "साखर आहे का गो थोडी?"

नम्रताने साखरेचा डबा वाटीवर उपडा धरला. अर्धी ओट्यावर सांडली.